मोफत लस आणि वयाची मर्यादा

मूल मोठे झाले, आता लस मिळणार नाही, या समजुतीने काही पालक लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्राकडे फिरकतच नाहीत. ही समजूत अर्धीच खरी होय. मर्यादा आहे, पण ती लसीगणिक निराळी.

कावीळ-ब ची जन्मवेळची मात्रा २४ तासांच्या आत व पोलिओची जन्मवेळची मात्रा १५ दिवसांच्या आत द्यावी लागते. तेथे दिरंगाईला वाव नाही. क्षयरोगावरील बीसीजी एक वर्षापर्यंत देता येते. गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण होताच द्यावयाची. तथापि राहून गेल्यास ती पाच वर्षांपर्यंत मिळते. पेंटाव्हॅलंट लस पहिल्या वर्षात सुरूच झाली नसेल, तर घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील त्रिगुणी लस सात वर्षांपर्यंत देता येते. मधली मात्रा चुकली म्हणून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाही. उरलेल्या मात्रा तेवढ्या पूर्ण करावयाच्या.

या लसींचे मोल पालकांना द्यावे लागत नाही. १९८५ मध्ये सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमानुसार केंद्र शासन लसी खरेदी करून राज्यांना पुरविते. राज्याची आरोग्य यंत्रणा त्या थंड राखून गावोगाव पोचविते. कार्यक्रम सर्व बालकांसाठी असल्याने त्यास उत्पन्नाची अट नाही. खाजगी दवाखान्यात मात्र पैसे पडतात.

लसीकरणाचे कार्ड हरवले असले तरी बालकास उपकेंद्रात न्यावे. पूर्वीच्या मात्रांची नोंद आरोग्यसेविकेच्या नोंदवहीत पाहता येते.