खडूची चित्रे

मुलांनो, रंगीत खडूंनी काढलेली चित्रेही विकली जातात, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

मेरी कॅसॅट ही अमेरिकन चित्रकर्ती पॅरिसमध्ये राहत असे. ती लहान मुलांची चित्रे सुरेख काढी. मुले एका जागी थोडीच बसतात! म्हणून ती पुष्कळदा पेस्टल, म्हणजे रंगीत खडू, वापरी. खडूचा रंग वाळण्याची वाट पाहावी लागत नाही.

वडिलांनी तिला अट घातली. रंगांचा व चित्रशाळेचा खर्च चित्रे विकूनच भागवायचा! पण केवळ विक्रीसाठी चित्रे काढणे मेरीला पसंत नव्हते. मनाला पटेल तेच ती काढत राहिली. १८७९ साली पॅरिसमध्ये इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या प्रदर्शनात तिची चित्रे लागली. पुढे त्यांना गिऱ्हाइकेही मिळाली.

आज तिची खडूची चित्रे मोठमोठ्या संग्रहालयांत काचेमागे जपली आहेत. हात लागला तर रंग पुसला जाईल ना!

प्रश्न : वडिलांची अट तुम्हांला योग्य वाटते का?