आजचं चिंतन (गीता १२.९) : उभी गाडी आणि रोजचं ऊन



आजचा श्लोक बाराव्या अध्यायातला नववा. भक्तियोगाचा हा अध्याय तसा लहान, फक्त २० श्लोकांचा. आठव्या श्लोकात भगवंत सांगतात की मन आणि बुद्धी दोन्ही माझ्यातच ठेव. ऐकायला सोपं, करायला महाकठीण! म्हणून लगेच नवव्यात ते एक पायरी खाली उतरतात. चित्त माझ्यात स्थिर ठेवणं जमत नसेल, तर अभ्यासाने मला गाठायची इच्छा धर, असं अर्जुनाला सांगतात. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा, रोज, थोडं थोडं.

ज्ञानेश्वरीत माउली ही पायरी आणखी सोपी करतात. आठ प्रहरांतला एक निमिष तरी मला देत जा, एवढंच भगवंत मागतात. तेवढ्याने हळूहळू विषयांची गोडी कमी होत जाते. शरद ऋतू लागला की नदीचं पाणी ओसरतं, पौर्णिमेनंतर चंद्र रोज थोडा थोडा कमी होत अमावास्येला दिसेनासा होतो, तसं चित्त प्रपंचातून निघू लागतं.

इथे तुमच्यापैकी अनेकांचा प्रश्न असतो. "दादा, दिवसभर ऑफिस, ट्रॅफिक, कॉल. त्यात पाच मिनिटांच्या नामस्मरणाने काय होणार?" प्रश्न प्रामाणिक आहे. याचं उत्तर मला धुळ्याला मामांच्या अंगणात सापडलं.

गाडी उभी असते, बॅटरी नाही

मामा देवपूरला राहतात. मुलं पुण्यात. गाडी लग्नकार्याला किंवा मुक्ताईनगरला दर्शनाला जायचं असेल तेव्हाच निघते. बाकी महिना महिना उभी. जळगाव-धुळ्याकडे आज अशी कितीतरी घरं आहेत. आईबाबा दोघंच, मुलं बाहेर, गाडी दारात. ती गाडी हौसेची नसते. रात्री अडीचला कुणाच्या छातीत दुखलं तर तीच गाडी लागणार असते. त्या वेळी सेल्फ मारला आणि नुसतं 'टक टक' वाजलं तर?

आपल्याला वाटतं, गाडी बंद आहे म्हणजे बॅटरी जशीच्या तशी आहे. पण घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म, गाडीतला कॉम्प्युटर हे सगळं किल्ली काढल्यावरही थोडा थोडा करंट ओढत राहतं. साधारण २० ते ५० मिलिअँपिअर. ३० धरा. दिवसाला ०.७२ अँपिअर-तास, महिन्याला जवळजवळ २२. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते, म्हणजे एका महिन्यात निम्म्याहून जास्त उतरली! शिवाय बॅटरी आपली आपणही उतरते, आणि उष्णता जितकी जास्त तितकी लवकर. मे महिन्यातलं आपलं खान्देश तुम्हाला माहीतच आहे, पारा ४५च्या घरात.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. बॅटरी बरेच दिवस उतरलेली राहिली की आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. मग नंतर चार्ज केली तरी ती पूर्वीइतकी भरत नाही.

मनाचंही असंच आहे. आपण काही वाईट करत नसतो, नुसते 'उभे' असतो. पण रोजच्या काळज्या, तुलना, चिडचिड हे बारीक बारीक ओढत राहतात. एका दिवसात कळत नाही. सहा महिन्यांनी एकदम कळतं, की हरिपाठ हातात घेतला तरी आतून काही हलत नाही.

छोटं पॅनेल काय करतं

मामांनी १० वॉटचं सोलर पॅनेल बसवलंय. कडक उन्हात ते जेमतेम अर्धा अँपिअर देतं. तापलेलं पॅनेल, धूळ, तिरपं ऊन हे सगळं वजा जाता निम्मं धरू. चार तासांचं ऊन मिळालं की एक अँपिअर-तास झाला. गळती ०.७२, भर १. संपलं गणित!

मी मामांना म्हटलं, "एवढ्याशा पॅनेलवर गाडी चालेल का?"

मामा हसले. "अरे, ते गाडी चालवत नाही. फक्त उतरू देत नाही."

पाच मिनिटांच्या नामाने काय होणार, या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. रोजची भर रोजच्या गळतीपेक्षा थोडी जास्त असली की पुरे. वर्षातून एकदा वारीत चार दिवस चाललो, एखाद्या सप्ताहाला बसलो, तर तो जंप स्टार्ट झाला. तोही हवाच, आनंदाचा असतो. पण नंतर अकरा महिने गाडी सावलीत उभी केली तर तो टिकणार कसा?

चार बारीक गोष्टी

ज्यांना घरी खरोखर पॅनेल बसवायचंय त्यांनी याही वाचाव्यात, साधना करणाऱ्यांनीही.

१. डायोड. रात्री ऊन नसतं. मध्ये डायोड नसेल तर बॅटरीतला करंट उलटा पॅनेलकडे वाहू लागतो. ज्या वाटेने दिवसा भरलं, त्याच वाटेने रात्री गळतं. आपला मोबाइल असाच आहे. सकाळी त्याच्यावर हरिपाठ ऐकतो आणि रात्री त्याच्यावरच दोन तास रील बघतो. वाट तीच, दिशा उलटी. रात्री ठरावीक वेळेनंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं हा आपला डायोड.

२. चार्ज कंट्रोलर. भरलेल्या बॅटरीत करंट ढकलत राहिलं तर आतलं पाणी उडून जातं, उन्हाळ्यात तर जास्तच. म्हणून मध्ये कंट्रोलर लावतात. आधी तो बॅटरीला जोडायचा, मग पॅनेल त्याला. लाल वायर प्लसला, काळी मायनसला, आणि प्लसच्या वायरवर बॅटरीजवळच फ्यूज. वायरिंगची सवय नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. साधनेतही पहिल्याच दिवशी अकरा माळा, निर्जळी उपवास आणि तीन तास ध्यान, असं करणारे पंधरवड्यात थकतात. सहाव्या अध्यायात भगवंतांनी खाणं, झोपणं, जागणं सगळं बेताचं ठेवायला सांगितलंय ते याचसाठी.

३. जागा. सूर्य आपल्याकडे कमी नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प याच उन्हावर चालतो. पण पॅनेल शेडखाली ठेवलं किंवा त्याच्यावर धुळीचा थर बसला तर सूर्याचा काय दोष? मामा गाडी शेडमध्ये ठेवतात, पॅनेल मात्र गच्चीवर, आणि आठवड्याला ओल्या फडक्याने पुसतात. कृपा आहेच. आपण तिच्यासमोर बसायचं.

४. पूर्ण उतरलेली बॅटरी. ती छोट्या पॅनेलने उठत नाही. तिला आधी नीट चार्जर लावून भरावं लागतं, मग पॅनेल तिला सांभाळतं. कुणाचं मन अगदीच खचलं असेल, झोप उडाली असेल, तर "नाम कमी पडतंय" म्हणून स्वतःला दोष देत एकट्याने बसू नका. घरच्यांशी, मित्रांशी बोला, डॉक्टरांकडे जा. त्यात भक्ती कमी पडत नाही.

धुळ्याच्या तुरुंगातले रविवार

थोडं थोडं, पण न चुकता केल्याचं मोठं उदाहरण धुळ्यातच आहे. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. फेब्रुवारी ते जून, दर रविवारी त्यांनी गीतेच्या एका अध्यायावर प्रवचन दिलं. १८ रविवार, १८ अध्याय. ऐकायला सोबतचे कैदी, आणि लिहून घ्यायला अमळनेरच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजी. आपला बारावा अध्याय आला तो ऐन मे महिन्यात. धुळ्याचा मे, त्यात तुरुंगाच्या भिंती! तरी क्रम चुकला नाही. आठवड्यातून एक बैठक, एवढंच. त्यातून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ झाला आणि आज कितीतरी भाषांत वाचला जातो.

दृष्टांत एका ठिकाणी अपुरा पडतो, तेही सांगतो. बॅटरी कितीही सांभाळली तरी काही वर्षांनी बदलावी लागते. नामाचं उलट आहे. जितकं घ्याल तितकी घ्यायची ताकद वाढते. माउलींच्या त्या निमिषाचं मर्म हेच आहे. एक निमिष दिला की दुसरा द्यावासा वाटतो.

आजचा संकल्प

१. एक ठरावीक वेळ आणि एक ठरावीक जागा निवडा. पाच मिनिटं नाम. जास्त नको, पण चुकवायचं नाही.

२. दिवसभरात आपलं मन नेमकं कुठे गळतं, ती एक जागा आज रात्री वहीत लिहा.

३. गावाकडे आईबाबांची गाडी उभी असेल तर आजच फोन करून विचारा, "शेवटची कधी सुरू केली होती?" आणि फोन केलाच आहे तर गाडीवर थांबू नका, दहा मिनिटं बोला. त्यांनाही रोज थोडं ऊन लागतं.

उद्या दहावा श्लोक. अभ्यासही जमत नसेल तर काय, ते बघू.

रामकृष्णहरी!