औष्णिक विद्युत केंद्रांतील कर्बग्रहण : खर्चाचा हिशेब

कोळसा, तेल अथवा नैसर्गिक वायू जाळून वीज निर्माण करणाऱ्या केंद्रांच्या धुराड्यांतून कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच कर्बवायू, बाहेर पडतो. जागतिक तापमानवाढीस जी कारणे आहेत त्यांत या वायूचा वाटा सर्वांत मोठा आहे. तो हवेत जाऊ न देता धुराड्यापाशीच वेगळा काढावा, दाबून द्रवासारखा घट्ट करावा आणि जमिनीखाली खोल पुरून टाकावा, या योजनेस कर्बग्रहण व कर्बसंचय असे म्हणता येईल. शास्त्रीय दृष्ट्या ही गोष्ट शक्य आहे, याविषयी आता दुमत उरलेले नाही. प्रश्न आहे तो खर्चाचा. एक टन कर्बवायू पकडण्यास इतका खर्च येतो, असे आकडे वेळोवेळी प्रसिद्ध होतात. ते एकमेकांशी जुळत नाहीत आणि वाचणारा गोंधळून जातो. हे आकडे कसे तयार होतात व ते कसे वाचावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वायूचे परिमाण

प्रथम किती वायू पकडावयाचा आहे याची कल्पना असली पाहिजे. कर्बाचे बारा भाग जळताना प्राणवायूचे बत्तीस भाग घेतात व चव्वेचाळीस भाग कर्बवायू तयार होतो. म्हणून एक टन शुद्ध कर्ब जळाला की सुमारे ३.६७ टन कर्बवायू निर्माण होतो. आपल्याकडील कोळशात राखेचे प्रमाण बरेच असते. तरीही एक युनिट विजेमागे स्थूलमानाने एक किलो कर्बवायू बाहेर पडतो, असे धरावयास हरकत नाही. पाचशे मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालला तर एक कोटी वीस लाख युनिट वीज मिळते आणि सुमारे बारा हजार टन कर्बवायू तयार होतो. त्यासाठी जाळलेला कोळसा मात्र सुमारे आठ हजार टन असतो. जाळलेल्या इंधनापेक्षा उरलेल्या वायूचे वजन अधिक भरते, ही बाब सहसा ध्यानात येत नाही. रेल्वेच्या कित्येक गाड्यांनी आणलेल्या कोळशाहून अधिक वजनाची वस्तू रोजच्या रोज केंद्रातून हलवावयाची, असे या कामाचे स्वरूप आहे.

ग्रहणाची क्रिया

धुरात सर्वच कर्बवायू असता तर काम सोपे झाले असते. कोळशाच्या धुरात त्याचे प्रमाण बारा ते पंधरा टक्के, तर नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या टर्बाइनच्या धुरात सुमारे चार टक्के असते. उरलेला बहुतांश भाग नत्रवायूचा. या मिश्रणातून कर्बवायू तेवढा वेचून काढण्यासाठी अमाइन या जातीच्या रसायनांचे द्रावण वापरतात. उंच मनोऱ्यात खालून धूर व वरून द्रावण सोडतात. सुमारे चाळीस ते पन्नास अंश सेल्सिअस तापमानात द्रावण कर्बवायू शोषून घेते. मग ते दुसऱ्या मनोऱ्यात नेऊन सुमारे एकशे वीस अंशांपर्यंत तापवले, की वायू सुटा होतो व द्रावण पुन्हा वापरता येते.

खर्चाचे मूळ या तापवण्यातच आहे. त्यासाठी लागणारी वाफ केंद्राच्या बॉयलरमधूनच घ्यावी लागते, आणि जी वाफ इकडे आली ती टर्बाइन फिरवण्यास उपयोगी पडत नाही. पुढे सुटा झालेला वायू नळवाहिनीतून नेण्यासाठी वातावरणाच्या शंभरपटींहून अधिक दाबाखाली आणावा लागतो, त्यासही वीज लागते. जुन्या पद्धतीच्या कोळसा केंद्रात हे सारे धरून विक्रीयोग्य विजेत पाव हिश्श्याच्या आसपास घट येऊ शकते. नव्या द्रावणांनी हे प्रमाण कमी होत आहे, परंतु ते शून्यावर येणे निसर्गनियमानुसार शक्य नाही. शिवाय धुरातील राख व गंधकयुक्त वायू द्रावण बिघडवतात. म्हणून धूर आधी चांगला स्वच्छ करावा लागतो आणि त्या यंत्रणेचा खर्च निराळा येतो.

एकाच केंद्राचे तीन भाव

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. यातील रकमा केवळ समजुतीसाठी धरल्या आहेत.

एका केंद्रात एक लाख युनिट वीज तयार होते व तिचा खर्च युनिटला चार रुपयांप्रमाणे चार लाख रुपये येतो. त्याबरोबर शंभर टन कर्बवायू बाहेर पडतो. तेथे ग्रहणयंत्रणा बसवली. तिच्या भांडवलाचे व्याज, घसारा, रसायने, दुरुस्ती व नोकरवर्ग मिळून दोन लाख साठ हजार रुपये वाढीव खर्च आला. नव्वद टन वायू पकडला गेला, दहा टन हवेत गेला. विक्रीस उरलेली वीज मात्र पंच्याहत्तर हजार युनिट.

पहिला हिशेबनीस म्हणेल, दोन लाख साठ हजारांस नव्वदने भागा. एका टनाचा भाव सुमारे २,८९० रुपये. या हिशेबात गमावलेल्या पंचवीस हजार युनिटांची किंमत धरलेलीच नाही. जुन्या दराने ती एक लाख रुपये होते. ती मिळवून तीन लाख साठ हजारांस नव्वदने भागले तर भाव ४,००० रुपये येतो. हा पकडलेल्या टनाचा खरा खर्च होय.

परंतु हिशेब येथेही संपत नाही. ग्रहणयंत्रणा नसती तर पंच्याहत्तर हजार युनिट विजेसाठी पंच्याहत्तर टन वायूच हवेत गेला असता. आता दहा टन जातो. म्हणजे हवेचा बचाव झाला तो पासष्ट टनांचा. पकडलेले उरलेले पंचवीस टन हे ग्रहणयंत्रणा चालवण्यासाठीच जाळलेल्या कोळशाचे आहेत. म्हणून तीन लाख साठ हजारांस पासष्टने भागले पाहिजे. तसे केले असता एक टन वाचवण्याचा खर्च सुमारे ५,५४० रुपये येतो.

केंद्र तेच, खर्च तोच, आणि तरीही २,८९०, ४,००० व ५,५४० असे तीन भाव. यांतील कोणताही आकडा खोटा नाही. प्रत्येक आकडा निराळ्या प्रश्नाचे उत्तर आहे इतकेच. ग्राहकाच्या दृष्टीने चौथाही आकडा महत्त्वाचा आहे. एकूण सहा लाख साठ हजार रुपये खर्चास पंच्याहत्तर हजार युनिटांनी भागले तर चार रुपयांची वीज आठ रुपये ऐंशी पैशांवर जाते. या हिशेबात नळवाहिनी व भूगर्भातील संचय यांचा खर्च अद्याप धरलेला नाही.

तीन प्रकल्पांचा अनुभव

कागदावरील हिशेब प्रत्यक्षात कसा उतरतो, हे उत्तर अमेरिकेतील तीन प्रकल्पांवरून दिसून येते.

कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतातील बाउंडरी डॅम केंद्राच्या तिसऱ्या संचावर ऑक्टोबर २०१४ मध्ये ग्रहणयंत्रणा सुरू झाली. कोळशाच्या केंद्रावरील हा जगातील पहिला व्यापारी प्रमाणावरील प्रकल्प होय. संचाच्या नूतनीकरणासह त्यास सव्वा अब्ज कॅनडियन डॉलरांहून अधिक खर्च आला, त्यांपैकी २४ कोटी डॉलर केंद्र सरकारने दिले. नवे टर्बाइन बसवूनही पूर्वी सुमारे १४० मेगावॉट वीज देणारा हा संच ११० ते ११५ मेगावॉटवर आला. वर्षाला दहा लाख टन वायू पकडण्याची योजना होती, परंतु राखेमुळे द्रावण बिघडणे व यंत्रसामग्रीतील दोष यांमुळे पहिले वर्ष अडचणीचे गेले. पन्नास लाख टनांचा टप्पा गाठण्यास २०२३ साल उजाडले. जुलै २०१८ मध्ये त्याच केंद्राच्या चौथ्या व पाचव्या संचांवर अशी यंत्रणा न बसवण्याचा निर्णय जाहीर झाला.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात ह्यूस्टनजवळील पेट्रा नोव्हा प्रकल्प सुमारे एक अब्ज डॉलर खर्चून ठरल्या मुदतीत व ठरल्या रकमेत पुरा झाला. जानेवारी २०१७ पासून तेथे वर्षाला सुमारे चौदा लाख टन वायू पकडण्याची सोय झाली. मूळ केंद्राची वीज घटू नये म्हणून वाफ व विजेसाठी नैसर्गिक वायूचे स्वतंत्र केंद्र उभारण्यात आले. पकडलेला वायू सुमारे १३० किलोमीटर दूरच्या तेलक्षेत्रात सोडून जास्तीचे तेल काढावयाचे व त्यातून खर्च भरून काढावयाचा, अशी योजना होती. २०२० च्या वसंतात तेलाचे भाव कोसळले व मे महिन्यात यंत्रणा बंद करावी लागली. पुढे २०२२ मध्ये प्रकल्पाचा अर्धा हिस्सा अवघ्या ३६ लाख डॉलरांना विकला गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये प्रकल्प पुन्हा सुरू झाला. यंत्र निर्दोष असले तरी उत्पन्न तेलाच्या भावावर अवलंबून असेल, तर हिशेब केव्हाही कोलमडू शकतो, हा येथील धडा आहे.

मिसिसिपी राज्यातील केंपर प्रकल्पात कोळशाचा आधी ज्वलनशील वायू करून त्यातून कर्बवायू वेगळा काढावयाचा होता. प्रारंभीचा अंदाज तीन अब्ज डॉलरांच्या आत होता, तो वाढत वाढत सुमारे साडेसात अब्जांवर गेला. जून २०१७ मध्ये कोळशाचा भाग थांबवण्यात आला व केंद्र नैसर्गिक वायूवरच चालू राहिले. कोळशाचा वायू करणारी यंत्रसामग्री २०२१ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आली.

यंत्रणा किती चालते यावरही भाव ठरतो. एक अब्ज डॉलर भांडवलावर वर्षाला दहा टक्के आकार धरला तर दहा कोटी डॉलर होतात. चौदा लाख टन पकडले तर केवळ भांडवलापोटी टनामागे सुमारे ७१ डॉलर येतात, त्याच्या साठ टक्केच पकडले तर हाच आकडा ११९ डॉलरांवर जातो. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने कायम पुरलेल्या वायूसाठी टनामागे ८५ डॉलरांपर्यंत करसवलत देण्यात आली. तीमागील कारण या गणितात दिसते. सवलतीने खर्च नाहीसा होत नाही, तो वीजग्राहकाकडून करदात्याकडे जातो.

आपल्याकडील स्थिती

भारताने २०७० पर्यंत निव्वळ कर्ब उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट २०२१ मध्ये ग्लासगो येथे जाहीर केले. नीती आयोगाने कर्बग्रहणाच्या धोरणाविषयीचा अहवाल नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. मध्य प्रदेशातील विंध्याचल केंद्रात दिवसाला वीस टन वायू पकडणारी प्रायोगिक यंत्रणा २०२२ मध्ये सुरू झाली. पाचशे मेगावॉटचा संच दिवसाला बारा हजार टन वायू सोडतो, हे वर आलेच आहे. प्रयोग व व्यवहार यांमधील अंतर यावरून कळावे.

महाराष्ट्रापुरते पाहिल्यास दोन गोष्टी विशेष विचारात घ्याव्या लागतील. पहिली पाण्याची. ग्रहणयंत्रणेस थंड करण्यासाठी जादा पाणी लागते. परळीचे औष्णिक केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, हे सर्वांच्या स्मरणात असेल. दुसरी गोष्ट संचयाच्या जागेची. राज्याचा फार मोठा भाग बेसाल्ट म्हणजे काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. आइसलँडमध्ये २०१२ पासून झालेल्या प्रयोगात बेसाल्टमध्ये सोडलेल्या कर्बवायूचा बहुतेक भाग दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाला, असे आढळून आले. ही गोष्ट आशादायक आहे. मात्र त्या पद्धतीत एक टन वायूमागे सुमारे पंचवीस टन पाणी लागले. येथेही प्रश्न पुन्हा पाण्यापाशीच येतो.

कर्बग्रहण निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. सिमेंटच्या भट्टीत निघणाऱ्या कर्बवायूपैकी सुमारे साठ टक्के वायू चुनखडीच्या विघटनातून येतो, इंधन बदलून तो थांबत नाही. अशा उद्योगांना ग्रहणाशिवाय फारसा मार्ग नाही. विजेच्या बाबतीत मात्र सूर्य, वारा, पाणी व बचत हे पर्याय उपलब्ध आहेत. एक टन वायू वाचवण्यास त्यांतील कोणत्या मार्गाने किती खर्च येतो, याची तुलना करूनच सार्वजनिक पैसा खर्च करणे इष्ट ठरेल.

विचारावयाचे प्रश्न

अशा प्रकल्पाची चर्चा जेव्हा जिल्हा परिषदेत, ग्रामसभेत अथवा वर्गात होईल, तेव्हा पुढील प्रश्न विचारले जावेत. सांगितलेला भाव पकडलेल्या टनाचा आहे की वाचलेल्या टनाचा? गमावलेल्या विजेची किंमत त्यात धरली आहे काय? यंत्रणा वर्षातून किती काळ चालेल असे गृहीत धरले आहे? वाहतूक, संचय व पुढील अनेक वर्षांची देखरेख यांचा खर्च कोण सोसणार? पाणी कोठून येणार व कोणाच्या वाट्याचे कमी होणार? उत्पन्न घटले तर तोटा कोणाच्या माथी?

या सहा प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली, तर सामान्य बेरीज-वजाबाकी जाणणाऱ्या कोणत्याही नागरिकास प्रकल्पाची योग्यता अजमावता येईल. ती न मिळाली तर टनाचा भाव कितीही स्वस्त सांगितला तरी तो अपुरा समजावा. हवेचे रक्षण हे सर्वांचे कर्तव्य आहे आणि त्यासाठी खर्चही करावा लागेल. तो खर्च पुरता मांडला गेला आहे ना, हे पाहणे हाही त्याच कर्तव्याचा भाग होय.