शपथ आधी, तिकीट नंतर

लोणंद, ता. खंडाळा, जि. सातारा

चि. सौ. माईस,


यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे आषाढी पुढे गेली आहे. गेल्या वर्षी एकादशी ६ जुलैला होती, या वर्षी २५ जुलैला आहे, त्यामुळे माउलींची पालखी लोणंदला जुलैच्या मध्याच्या सुमारास येईल. मुलांची शाळा तेव्हा बंद असते, तिकिटं आत्ता स्वस्त आहेत, म्हणून ती काढून ठेवू का, असं तू आईला, म्हणजे वहिनींना, विचारलंस आणि त्यांनी तो प्रश्न माझ्याकडे सोपवला. तुझी अमेरिकेच्या नागरिकत्वाची मुलाखत मे महिन्यात आहे, हे नसतं तर मीच तुला आजच्या आज तिकिटं काढायला सांगितलं असतं. ते आहे म्हणून सांगतो, जुलैचं तिकीट काढू नकोस. नुसत्या 'नको'नं तुझं समाधान होणार नाही आणि व्हायलाही नको, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. जावईबापूंनाही वाचायला दे.

मुळाशी एकच गोष्ट आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. राज्यघटनेचा बराच भाग २६ जानेवारी १९५० ला लागू झाला, पण नागरिकत्वाची पाच ते नऊ ही कलमं त्याआधी दोन महिने, २६ नोव्हेंबर १९४९ लाच अमलात आली. त्यातलं नववं कलम सांगतं की ज्यानं स्वेच्छेनं परदेशाचं नागरिकत्व घेतलं आहे त्याला भारताचा नागरिक मानायचं नाही. पुढे १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानं, त्याच्याही नवव्याच कलमात, हा नियम कायमचा केला. स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व मिळवलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. त्यासाठी अर्ज लागत नाही, कुणाची मंजुरी लागत नाही, आणि पासपोर्ट अजून कपाटात आहे म्हणून ते टिकूनही राहत नाही. आता अमेरिकेकडून बघ. तिथं मुलाखत पास झाल्यानं नागरिकत्व मिळत नाही, अर्ज मंजूर झाल्याचं कळल्यानंही मिळत नाही. ते मिळतं शपथ पुरी झाल्यावर. दोन देशांचे दोन कायदे असे एकाच क्षणाला येऊन मिळतात. सकाळी शपथेच्या सभागृहात शिरताना तू भारतीय असशील, बाहेर पडताना नसशील.

नागरिकत्व क्षणात बदलतं, पण कागद बदलायला आठवडे लागतात. शपथविधीच्या वेळी तुझं ग्रीन कार्ड परत घेतलं जाईल. बदल्यात नॅचरलायझेशन सर्टिफिकेट मिळेल. ते फार मोलाचं आहे, पण ते प्रवासाचं कागदपत्र नाही. त्यावर कुठलीही विमान कंपनी तुला बसवून घेणार नाही. अमेरिकेचा कायदा आपल्या नागरिकाला देशाबाहेर जाताना आणि परत येताना अमेरिकेचाच पासपोर्ट बाळगायला लावतो. तो पासपोर्ट शपथेबरोबर हातात येत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज, १३० डॉलर फी आणि वर ३५ डॉलर, घाई असेल तर आणखी ६० डॉलर, आणि मूळ सर्टिफिकेट अर्जासोबत टपालात. साधारण मुदत ४ ते ६ आठवड्यांची, घाईच्या अर्जाला २ ते ३ आठवडे, आणि टपालाचे जाण्यायेण्याचे दिवस यात धरलेले नसतात. तो पासपोर्ट आला की मगच भारताचा व्हिसा किंवा ओसीआय, म्हणजे आयुष्यभर व्हिसाशिवाय येऊ देणारं कार्ड, कारण परदेशी नागरिक म्हणून तुला आता इथं येण्यासाठीही परवानगी लागणार. एक कागद आल्याशिवाय पुढचा मागता येत नाही. हा क्रम उलटा करता येत नाही आणि दोन पायऱ्या एकदम चढताही येत नाहीत.

आता तुझ्या तारखा यात बसवून बघू. काही कार्यालयांत मुलाखत पास झालेल्यांना त्याच दिवशी शपथ देतात, काही ठिकाणी शपथविधीची नोटीस नंतर येते आणि मध्ये कित्येक आठवडे जातात. तुझ्या बाबतीत काय होईल ते मुलाखतीच्या खोलीत बसेपर्यंत कळणार नाही. त्याच दिवशी शपथ झाली तर मेअखेरीस अर्ज, जूनमध्ये पासपोर्ट, मग व्हिसा, अशी ओढूनताणून जुलैची वेळ गाठता येईलही. पण नोटीस जूनमध्ये आली आणि शपथ जुलैच्या पहिल्या आठवड्यात पडली, तर तुझं विमान ज्या दिवशी सुटायचं त्या दिवशी तुझ्याकडे ग्रीन कार्ड नसेल, अमेरिकेचा पासपोर्ट नसेल आणि भारताचा पासपोर्ट कायद्यानं निरुपयोगी झालेला असेल. नेमकी पालखीच्या मुक्कामाच्या दिवसांतलीच शपथेची तारीख आली तर आणखी वाईट, कारण मग तिकीट सोडायचं की शपथ, असा प्रश्न उभा राहतो. तिथी पंचांगानं ठरते, शपथेची तारीख सरकार ठरवतं. या तिन्हींतलं तिकीट तेवढं आपल्या हातातलं, आणि नेमकं तेच तू आधी बांधून टाकायला निघाली आहेस.

तू म्हणशील की अनेकांचा पासपोर्ट घाईच्या अर्जावर आठ-दहा दिवसांत आलेला तू ऐकला आहेस. आला असेल. पण ज्याचं सुरळीत झालं तो चारचौघांत सांगतो, आणि ज्याचं विमान चुकलं तो गप्प बसतो, म्हणून ऐकीव दाखल्यांवरून अंदाज बांधायचा नाही. सरकारनं छापलेली मुदत हा अंदाज असतो, वचन नसतं. विलंब सोसता येईल इतकी जागा ज्या बेतात नाही, तो बेत दुसऱ्याच्या टेबलावरच्या कामावर उभा असतो.

दुसरा मार्ग लोक हळू आवाजात सुचवतात. जुना भारतीय पासपोर्ट अजून मुदतीत आहे, त्यावरच येऊन जायचं, कोण विचारतं? माई, हे कानावरही घेऊ नकोस. परदेशी नागरिकत्व घेतल्यानंतर भारतीय पासपोर्ट वापरणं हा १९६७ च्या पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा ठरतो, आणि पुढे पासपोर्ट सरेंडर करायला जाशील तेव्हा शपथेची तारीख आणि त्यानंतरचे शिक्के अधिकाऱ्यासमोर शेजारी शेजारी असतात. दंडही अशा प्रवासांच्या संख्येवर आकारतात. शिवाय येताना मुंबईला उतरलीस तरी परतायचं कसं? ग्रीन कार्ड नाही, अमेरिकेचा पासपोर्ट नाही, म्हणजे विमान कंपनी तुला चढू देणार नाही. मग मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत वांद्रे-कुर्ला संकुलात खेटे, इकडे भारतातून बाहेर पडायच्या परवानगीचा घोळ, आणि तिकडे तुझी नोकरी नि मुलांची शाळा. मनानं तू भारतीयच राहशील याबद्दल या घरात कुणाला शंका नाही. पण विमानतळावरचा माणूस मन वाचत नाही, तो पुस्तिका वाचतो.

धाकट्याचा विचार तू केलेला दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. तो जन्मानं भारतीय, ग्रीन कार्डवर तुमच्याबरोबर राहतो. २००० साली अमेरिकेत झालेल्या बाल नागरिकत्व कायद्यानुसार अठरा वर्षांखालचं, ग्रीन कार्ड असलेलं आणि आई किंवा वडिलांच्या ताब्यात तिथं राहणारं मूल, त्या आई किंवा वडिलांनी नागरिकत्व घेतलं की आपोआप नागरिक होतं. त्यानं शपथ घ्यायची नाही, मुलाखत द्यायची नाही. म्हणजे तुझ्या शपथेच्या दिवशी त्याचाही दर्जा बदलतो आणि त्यालाही नवा पासपोर्ट व भारताचा व्हिसा लागतो. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या पासपोर्टला आईवडील दोघांची संमती लागते, तेव्हा जावईबापूंची रजा त्याप्रमाणे धरा. थोरलीचा जन्मच तिकडचा, तिचं ओसीआय कार्ड झालेलं आहे, तिची चिंता नाही. जावईबापू अजून भारतीय पासपोर्टवर आणि ग्रीन कार्डवर आहेत, त्यांचा प्रवास या सगळ्यानं अडत नाही. एका कुटुंबात चार माणसं आणि कागदांचे तीन प्रकार, हे लक्षात ठेवूनच बेत करायला हवा.

नावाचंही बघ. आपल्याकडे मुलीचं मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आडनाव बदललेलं किंवा न बदललेलं, आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. नागरिकत्वाच्या अर्जात नाव बदलायची सोय आहे आणि पुष्कळ मराठी मुली मधलं नाव तिथं काढून टाकतात. असा बदल मागितला असेल तर शपथ न्यायालयासमोर घ्यावी लागते, म्हणजे त्याच दिवशी शपथ मिळण्याची शक्यता कमी आणि वाट बघणं जास्त. आणि तिकीट आज जुन्या नावानं काढलंस, पासपोर्ट नव्या नावाचा आला, तर ते तिकीट तुझं राहत नाही. सर्टिफिकेट हातात पडल्यावर सभागृहातून निघण्याआधी त्यावरचं नाव आणि जन्मतारीख वाचून घे. आपण दिवस आधी लिहितो, ते महिना आधी लिहितात. तुझ्या जन्मतारखेतले दोन्ही आकडे बाराच्या आतले आहेत, त्यामुळे उलटापालट झाली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही, आणि ती चूक पासपोर्टपासून ओसीआयपर्यंत सगळीकडे उतरेल. दुरुस्तीचा अर्ज वेगळा आणि संथ.

व्हिसा की ओसीआय, याचं उत्तर सोपं आहे. पहिल्या फेरीसाठी ई-व्हिसा घे, तो काही दिवसांत होतो. ओसीआय कार्डाला अधिक काळ लागतो, त्यासाठी आधी भारतीय पासपोर्ट सरेंडर करून तसं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, म्हणून ते प्रवासाच्या तारखेला बांधू नकोस. पण सरेंडर मात्र टाळू नकोस, नवा पासपोर्ट आल्याबरोबर कर. ओसीआयनं आयुष्यभर व्हिसाशिवाय येता येतं. मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वहिनींना मात्र भलतीच धास्ती पडली आहे की तुझा रानातला वाटाही जाईल. तसं नाही. शेतजमीन खरेदी करायला बंदी आहे, वारशानं आलेली ठेवायला नाही. हे त्यांना फोनवर तूच सांग, माझ्या सांगण्यानं त्यांची समजूत पटत नाही.

राहिला सगळ्यात खरा आक्षेप. दादांची तब्येत, वहिनींचं वय. मधल्या दिवसांत इकडे काही बरंवाईट झालं तर? आईवडील अत्यवस्थ असतील तर तिकडच्या पासपोर्ट कार्यालयात तातडीची भेट मिळते, प्रवास दोन आठवड्यांच्या आत असेल तर तशी सोय ठेवलेली आहे. त्यासाठी डॉक्टरांचं पत्र लागतं, ते इथून पाठवायची जबाबदारी माझी. भारताच्या वकिलातीही अशा वेळी तातडीचा व्हिसा देतात. पण या सोयी संकटासाठी आहेत. पालखीच्या बेतासाठी त्या मागू नयेत, आणि मागितल्या तरी मिळतील असं धरू नये.

मग शपथच पुढे ढकलावी का? नोटिशीसोबत कारण लिहून कळवलं तर तारीख बदलून मिळते. पण नवी तारीख आपल्याला विचारून ठरत नाही, आणि एकाहून जास्त वेळा सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिलं तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. इतकी वर्षं तिथं राहून, पाच वर्षांतले निम्म्याहून अधिक दिवस त्या देशात काढल्याचा हिशेब जुळवून जे शेवटच्या पायरीवर आणलंस, ते एका फेरीसाठी मागे लोटायचं मला पटत नाही. मुलाखत आणि शपथ यांच्या मध्ये ग्रीन कार्डवर प्रवास करायला बंदी नाही, हेही खरं. पण शपथेच्या नोटिशीवर मुलाखतीनंतर देशाबाहेर गेला होतात का, असा प्रश्न असतो आणि त्याचं खरं उत्तर द्यावं लागतं. आणि तू इथं असताना तिकडे नोटीस आली तर परतीचं तिकीट बदलत बसशील.

माझ्या मते दोनच चांगल्या वेळा आहेत, शपथेच्या प्रकरणाच्या पूर्ण आधीची आणि पूर्ण नंतरची. आधीची हवी असेल तर एप्रिलमध्ये, मुलाखतीच्या आत, भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्डवर दोन आठवडे येऊन जा. मुलांची शाळा बुडत असेल तर एकटी ये, आईवडिलांना ते पुरे आहे. नंतरची हवी असेल तर नाताळच्या सुट्टीत सगळे या. तोवर शपथ, पासपोर्ट, सरेंडर आणि धाकट्याचे कागद सगळं उरकायला सवड मिळते. यंदा मे ते सप्टेंबर तिथून हलू नकोस. यंदाचा सोहळा चुकेल, त्याचं दुःख मला तुझ्याइतकंच आहे. पुढच्या वर्षीची तिथी मी पंचांग निघाल्याबरोबर कळवीन, मग नव्या पासपोर्टवर निवांत तिकिटं काढ आणि नीरेपासून चांदोबाच्या लिंबाच्या उभ्या रिंगणापर्यंत मुलांना घेऊन चाल.

एप्रिल की डिसेंबर, ते या आठवड्यात ठरवून वहिनींना कळव. त्या वाट बघत आहेत.

तुझा,
काका