उकडा तांदूळ आणि जीवनसत्त्वें

भाताच्या खाचरांत जस्ताचा अंश उणा पडला म्हणजे लावणीनंतर थोड्याच दिवसांत रोपांच्या पानांवर तांबूस ठिपके पडतात, वाढ खुंटते व पीक बसतें. या विकारास खैरा रोग म्हणतात. नत्र, स्फुरद व पालाश कितीहि दिलें तरी तो हटत नाहीं. परंतु एकरीं दहा किलोच्या सुमारास झिंक सल्फेट दिलें कीं पीक पुनः हिरवें होतें. हा रोग किडीचा अथवा बुरशीचा नसून जस्ताच्या अभावाचा आहे, हें इसवी सन १९६० नंतरच्या दशकांत पंतनगरच्या कृषि विद्यापीठांत सिद्ध झालें. जी वस्तु पिकाला अगदीं अल्प प्रमाणांत लागते, तिच्यावांचून भरपूर दिलेलें खतहि व्यर्थ जातें, हा धडा आमच्या वाचकांस शेतांत मिळालेलाच आहे. मनुष्याच्या शरीरासहि तोच नियम लागू आहे, आणि त्याचें सर्वांत बोलकें उदाहरण आपल्या रोजच्या तांदुळांतच सांपडतें.

अन्नांतील द्रव्यें व त्यांचीं कामें

अन्नांतील पिष्ट, साखर व स्निग्ध पदार्थ यांपासून शरीरास उष्णता व काम करण्याची शक्ति मिळते. प्रथिनांनीं मांस बनतें व झीज भरून निघते. क्षारांपैकीं चुन्याचें द्रव्य हाडांस व दांतांस, लोह रक्तास आणि आयोडीन कंठांतील ग्रंथीस लागतें. यांखेरीज जीवनसत्त्वें म्हणून जो वर्ग आहे, त्यांतून शक्तीहि मिळत नाहीं व मांसहि बनत नाहीं. परंतु इतर अन्नाचा शरीरास उपयोग करून देण्याचें काम तीं करतात. त्यांतील ब-१, ज्यास थायामिन असेंहि नांव आहे, त्याचाच आज विचार करूं.

आपण खाल्लेल्या भाताची पोटांत साखर होते, आणि ती साखर शरीराच्या पेशींत हळूहळू जळून शक्ति उत्पन्न होते. हें जळण पायरीपायरीनें होतें. त्यांतील एका महत्त्वाच्या पायरीवर ब-१ हजर नसेल तर काम तेथेंच अडतें. चुलींत लांकडें भरपूर घातलीं, पण वारा कोंडला, तर ज्वाळा न निघतां धूर मात्र होतो. तशीच ही स्थिति होय. ज्या अवयवांस अखंड शक्ति लागते ते, म्हणजे हृदय व मज्जातंतु, प्रथम दुबळे होतात.

मोठ्या माणसास ब-१ दररोज सुमारें १ ते २ मिलिग्रॅम पुरतें. एक मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा हजारावा भाग. पण शरीरांतील याचा सांठा फारच थोडा, सुमारें ३० मिलिग्रॅम, असतो. आणि पुरवठा बंद पडला तर तो दोन-तीन आठवड्यांतच संपत येतो. शिवाय, अन्नांत पिष्ट जितकें अधिक, तितकी या द्रव्याची गरज अधिक. म्हणून जो केवळ भातावरच पोट भरतो, त्यालाच तें सर्वांत जास्त लागतें.

बेरीबेरी

या द्रव्याच्या अभावानें होणाऱ्या रोगास बेरीबेरी म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत. कोरड्या प्रकारांत पाय बधिर होतात, पोटऱ्या दुखतात, बसलेल्या माणसास उठवत नाहीं व पुढें चालणें बंद पडतें. ओल्या प्रकारांत अंगास सूज येते, धाप लागते व हृदय थकून मृत्यु येतो. सर्वांत दारुण प्रकार अंगावर पिणाऱ्या मुलांचा. आईच्या शरीरांत ब-१ उणें असलें म्हणजे तिच्या दुधांतहि तें उणें पडतें. आई वरवर निरोगी दिसते, पण दोन ते पांच महिन्यांचें मूल ओकूं लागतें, त्याचा आवाज बसतो, रडतांना तोंड उघडतें पण शब्द फुटत नाहीं, श्वास जलद होतो आणि कधीं कधीं एका दिवसांत तें दगावतें. अशा मुलास वेळेवर ब-१ टोंचून दिलें तर कांहीं तासांतच तें सुधारूं लागतें. मृत्यु आणि जीवन यांमधील अंतर येथें अवघ्या कांहीं मिलिग्रॅमांचें असतें.

कारणाचा शोध

हा रोग पूर्वेकडील भातखाऊ देशांत जुनाच होता. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वाफेच्या गिरण्या आल्या आणि पांढराशुभ्र तांदूळ स्वस्त झाला, तेव्हां तो फार बळावला. १८८२-८३ सालीं जपानच्या आरमाराचें 'रियूजो' हें शिकाऊ जहाज लांबच्या सफरीस गेलें असतां त्यावरील ३७६ जणांपैकीं १६९ जणांस बेरीबेरी झाली व २५ मरण पावले. आरमाराचे वैद्य ताकाकी यांनीं १८८४ सालीं 'त्सुकुबा' हें दुसरें जहाज त्याच मार्गानें पाठविलें. मात्र तांदूळ कमी करून मांस, दूध व पाव यांचें प्रमाण वाढविलें. या वेळीं बेरीबेरीनें एकहि मनुष्य मेला नाहीं. प्रथिनांच्या वाढीमुळें हा गुण आला अशी ताकाकी यांची समजूत होती. ती बरोबर नव्हती, तथापि दोष अन्नांत आहे हें त्यांनीं दाखवून दिलें.

खरें कारण जावा बेटांत उघडकीस आलें. तेथें आयकमन नांवाचे डच डॉक्टर रोगाच्या जंतूंचा शोध करीत होते. १८९० च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेंतील कोंबड्यांचे पाय लुळे पडले. चौकशीअंतीं असें दिसलें कीं, कोंबड्यांना लष्करी इस्पितळांतील उरलेला पांढरा भात घालण्यांत येत होता. नव्या आचाऱ्यानें तो देण्याचें नाकारिलें, साधा न सडलेला तांदूळ सुरू झाला, आणि कोंबड्या बऱ्या झाल्या. पुढें जावांतील तुरुंगांची पाहणी झाली. जेथें न सडलेला तांदूळ मिळे अशा ३७ तुरुंगांपैकीं केवळ एकांत बेरीबेरी आढळली. जेथें पांढरा तांदूळ मिळे अशा ५१ पैकीं ३६ तुरुंगांत ती होती. ग्राइन्स यांनीं १९०१ सालीं स्पष्ट सांगितलें कीं, कोंड्यांत शरीरास अवश्य असें कांहीं द्रव्य आहे व त्याचा अभाव हाच रोग होय. १९१२ सालीं फुंक यांनीं अशा द्रव्यांस 'व्हिटामिन' हें नांव सुचविलें. १९२६ सालीं जावांतच जान्सेन व डोनाथ यांनीं कोंड्यांतून हें द्रव्य शुद्ध रूपांत काढिलें, आणि १९३६ सालीं अमेरिकेंत विल्यम्स यांनीं तें कृत्रिम रीतीनें तयार केलें. आयकमन यांस १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

उकड्याची परीक्षा

आमच्या विषयाशीं अधिक निकट असा प्रयोग मलायांत झाला. तेथें चिनी मजूर सयामचा पांढरा कोरा तांदूळ खात व त्यांच्यांत बेरीबेरीनें पुष्कळ मृत्यु होत. परंतु हिंदुस्थानांतून गेलेले तमिळ मजूर उकडा तांदूळ खात व ते बहुधा या रोगापासून मुक्त असत. क्वालालंपूरच्या वेड्यांच्या इस्पितळांत फ्लेचर यांनीं १९०५ सालापासून रोग्यांचे दोन गट करून एकास कोरा व दुसऱ्यास उकडा तांदूळ दिला. जागेचा दोष असेल अशी शंका राहूं नये म्हणून मध्यंतरीं गटांच्या इमारतींची अदलाबदलहि केली. कोऱ्या तांदुळाच्या गटांत अनेकांस बेरीबेरी होऊन कित्येक दगावले. उकड्याच्या गटांत रोग उद्भवला नाहीं.

आपल्या देशांत आंध्र किनाऱ्यावरील, कोरा तांदूळ खाणाऱ्या प्रदेशांत बेरीबेरीचें ठाणें होतें. तिच्या संशोधनाकरितां १९१८ सालीं कुन्नूर येथें मॅकॅरिसन यांनीं जें लहानसें केंद्र उघडलें, तेंच वाढत जाऊन हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था बनलें.

दाण्याच्या आंत काय घडतें

भाताचें टरफल काढल्यावर जो तांबूस दाणा निघतो, त्यावर कोंड्याचे पातळ थर असतात व एका टोंकास अंकुर असतो. ब-१ चा बहुतेक सांठा या थरांत व अंकुरांत आहे. गिरणींत पॉलिश करतांना तेच घासून निघतात; म्हणजे पिष्ट माणसाच्या ताटांत येतें आणि तें पचविण्याचें साधन गुरांच्या गव्हाणींत जातें. उकडतांना मात्र भात टरफलासकट भिजतें व तापतें. ब-१ पाण्यांत विरघळणारें असल्यामुळें त्याचा कांहीं भाग कोंड्यांतून दाण्याच्या गाभ्यांत उतरतो. वाफेनें पिष्ट चिकट होऊन दाण्याच्या भेगा सांधल्या जातात व तें द्रव्य आंतच राहतें. मग गिरणींत वरचा थर गेला तरी आंतील सांठा वांचतो. भेगा सांधल्यामुळें कणीहि कमी पडते, हा शेतकऱ्याचा रोख फायदा.

प्रमाण ढोबळ मानानें असें: १०० ग्रॅम कोऱ्या पॉलिश तांदुळांत ब-१ सुमारें ०.०५ मिलिग्रॅम, उकड्या पॉलिश तांदुळांत सुमारें ०.२, आणि कोंड्यांत २ हून अधिक. दिवसास ४०० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्यास कोऱ्यापासून सुमारें ०.२ मिलिग्रॅम, तर उकड्यापासून सुमारें ०.८ मिलिग्रॅम मिळतें. रत्नागिरी, सिंधुदुर्ग व गोवा या भागांतील गरीब कुटुंबांनीं उकड्याची पेज सोडली नाहीं, यांत केवढें शहाणपण होतें हें या आंकड्यांवरून ध्यानांत येईल. देशावरील ज्वारी-बाजरीची भाकरी सबंध दाण्याची असल्यामुळें तेथें हा प्रश्न फारसा उद्भवला नाहीं.

भात उकडण्याची रीत

भात पाण्यांत घालून वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावे. पुष्कळ ठिकाणीं भात थंड पाण्यांत एक-दोन दिवस भिजत ठेवतात. त्यामुळें तें आंबतें व तांदुळास वास येतो. उकड्याच्या वासाची जी तक्रार ऐकूं येते तिचें मूळ येथें आहे. त्याऐवजीं कढत पण उकळी न आलेल्या, सुमारें ७० अंश सेंटिग्रेडच्या पाण्यांत तीन-चार तास झांकून ठेवल्यास भात पुरेसें भिजतें व वास येत नाहीं. नंतर पाणी काढून टाकून टरफलें उकलूं लागेपर्यंत वाफ द्यावी. वाळवण प्रथम पातळ पसरून मंद उन्हांत करावें. एकदम कडक ऊन लागल्यास दाणा तडकतो, आणि ओलें राहिल्यास बुरशी येते. पुरें वाळल्यावर एक-दोन दिवस विसावूं देऊन मग गिरणीस न्यावें.

स्वयंपाकघरांत घ्यावयाची काळजी

एवढें करूनहि शेवटीं हयगय झाली तर श्रम वायां जातात. तांदूळ चोळून चार-पांच वेळां धुतल्यास ब-१ पाण्याबरोबर जातें. एक-दोनदां हलक्या हातानें धुणें पुरे. भात वेळून पाणी फेंकूं नये. तें पेजेंत अथवा आमटींत घ्यावें. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा घालण्याची खोड सोडावी, कारण सोड्यानें हें जीवनसत्त्व नष्ट होतें. कोरा तांदूळच पसंत असेल तर तो हातसडीचा किंवा कमी पॉलिशचा घ्यावा. मात्र कोंड्यांतील तेलामुळें असा तांदूळ लवकर खवट होतो, म्हणून लागेल तसा सडून आणावा.

तांदुळावरच सर्व भार टाकणेंहि बरोबर नाहीं. मूग, तूर, मटकी, शेंगदाणे, तीळ यांत ब-१ चांगलें असतें. लोह, चुना व अ-जीवनसत्त्व यांकरितां पालेभाज्या, नाचणी, दूध, अंडीं व मासळी यांचा आधार घ्यावा लागतो; तें काम उकडा तांदूळ करूं शकत नाहीं. अतिरिक्त मद्यपान करणाऱ्यांच्या शरीरांत ब-१ फार लवकर उणें पडतें, हेंहि लक्षांत ठेवावें.

बाळंतिणीचें अन्न

बेरीबेरी आतां इतिहासजमा झाली असें मानणें धोक्याचें आहे. ज्या माता मुख्यतः पॉलिश तांदुळावर राहतात, त्यांच्या अंगावर पिणाऱ्या मुलांत या अभावाचे रोगी काश्मिरांतील इस्पितळांत एकविसाव्या शतकांतहि आढळले आहेत. आपल्याकडे बाळंतिणीस पथ्य म्हणून कांहीं घरांत पांढरा मऊ भात व तूप एवढेंच देतात, आणि डाळी वातूळ म्हणून वर्ज्य करितात. ज्या काळांत आई दोन जीवांसाठीं जेवते, त्याच काळांत तिच्या ताटांतील ब-१ आपण काढून घेतों. तिला मुगाचें वरण, उकड्याची पेज, तीळ व शेंगदाणे अवश्य द्यावे. आणि मूल ओकत असेल, त्याचा आवाज बसला असेल वा त्यास धाप लागली असेल, तर क्षणाचाहि विलंब न लावतां डॉक्टरकडे न्यावें.

गिरणींत तांदूळ किती घासावा हें मागणी करणारा ठरवितो, आणि भात पिकविणारा स्वतःच्या घरापुरता तरी मागणी करणारा आहेच. विक्रीचा माल बाजाराच्या आवडीप्रमाणें पांढरा करावा लागला, तरी घरचें भात निराळें उकडून, कमी पॉलिश करून आणण्यास कोणाची आडकाठी नाहीं. गांवांतील दहा-पंधरा कुटुंबांनीं मिळून एक मोठें भांडें व वाळवणाचें खळें सामाईक केलें तर इंधनहि वांचेल. येत्या हंगामांत आपल्या सभासदांनीं निदान वर्षाच्या बेगमीच्या निम्म्या भाताचा असा प्रयोग करावा, आणि प्रथम ज्या घरांत तान्हें मूल आहे त्या घरीं करावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.