हौशी स्पर्धकाची मोटार : निवड आणि खर्च

जबलपूरच्या जुन्या बाजारपेठेतील कमानिया गेट हे १९३९ साली त्रिपुरी येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे स्मारक होय. या कमानीच्या आसपास दुकाने, हातगाड्या आणि पादचारी यांची सदैव इतकी दाटी असते की, तेथून मोटार हाकताना क्लच, ब्रेक आणि चालकाचा संयम यांचीच परीक्षा होते. वेगाचा प्रश्न उद्भवत नाही. याच शहरात १९६९ साली वाहन निर्माणी स्थापन झाली आणि तेथे सैन्यासाठी ‘जोंगा’ ही दणकट गाडी तयार होऊ लागली. अशा शहरात राहणाऱ्या आणि मोटारस्पर्धेची हौस असणाऱ्या पगारदार माणसापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. बाजारातून सावकाश वाट काढणारी आणि रविवारी स्पर्धेत धावणारी गाडी एकच असू शकेल काय? आणि नसेल, तर दुसरी गाडी त्याच्या मिळकतीत कशी बसावी?

स्पर्धा आधी, मोटार नंतर

बहुतेक नवशिके प्रथम गाडी घेतात आणि मग तिला साजेशी स्पर्धा शोधू लागतात. हा क्रम उलटा आहे. मोटारस्पर्धांचे अनेक प्रकार असून प्रत्येक प्रकार गाडीकडून निराळ्या गुणांची अपेक्षा करतो.

सर्वांत कमी खर्चाचा प्रकार म्हणजे काल, वेग आणि अंतर यांवर आधारलेली रॅली. येथे सर्वांत वेगवान गाडी जिंकत नाही. आयोजकांनी ठरवून दिलेला सरासरी वेग राखून तपासणीनाक्यावर नेमक्या वेळी पोहोचावयाचे असते. लवकर पोहोचले तरी दंडगुण आणि उशीर झाला तरी दंडगुण. चालकाइतकेच महत्त्व शेजारी बसून हिशेब करणाऱ्या मार्गदर्शकाला असते. घरची रोजची मोटार सुस्थितीत असेल आणि तिचा अंतरमापक विश्वासार्ह असेल, तर एवढ्यावर या प्रकारात भाग घेता येतो.

दुसरा प्रकार ऑटोक्रॉसचा. मोकळ्या मैदानात मातीचा वळणावळणाचा मार्ग आखून एकेका गाडीची वेळ नोंदली जाते. अंतर थोडे आणि वेग मर्यादित असल्यामुळे नवख्याने गाडीवरील ताबा शिकण्यास हा प्रकार उत्तम.

तिसरा प्रकार विशेष टप्प्यांच्या रॅलीचा. रस्ता इतर वाहतुकीस बंद करून त्यावर शक्य तितक्या वेगाने गाडी चालविली जाते. १९८० च्या दशकात भरलेल्या हिमालयन रॅलीने या खेळाकडे देशाचे लक्ष वेधले. पुढे महाराष्ट्रात नाशिकच्या परिसरातही राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या झाल्या.

चौथा प्रकार बंदिस्त धावमार्गावरील शर्यतींचा. चेन्नईजवळील इरुंगाट्टुकोट्टई येथील मार्ग १९९० पासून वापरात आला, तर कोइमतूरजवळील कारी मार्ग २००३ साली तयार झाला. जबलपूरहून चेन्नईचे अंतर रस्त्याने तेराशे किलोमीटरांहून अधिक भरते. म्हणजे मध्य भारतातील स्पर्धकाला प्रत्येक शर्यतीसाठी गाडी मालमोटारीवर लादून नेण्या-आणण्याचा खर्च सोसावा लागणार. घरापासून स्पर्धास्थळाचे अंतर हीसुद्धा गाडीच्या किमतीचाच एक भाग समजावी.

तीन गाड्यांचे उदाहरण

जबलपूरच्या हौशी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम जोंगा यावी, हे स्वाभाविक आहे. जपानी निस्सान कंपनीच्या गाडीवर बेतलेली ही गाडी शहराच्या अभिमानाचा विषय होती. सैन्याने निकाली काढलेल्या जोंगा लिलावात विकल्या जात आणि अनेक हौशी मंडळींनी त्या घेतल्या. चिखल, दगड आणि नदीचे पात्र यांतून जाण्याची तिची ताकद वादातीत आहे. परंतु तिचे सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन ३,९५६ घन सेंटिमीटरचे असून वजन दीड टनाच्या पुढे आहे. तिचे उत्पादन १९९९ च्या सुमारास थांबले, त्यामुळे सुटे भाग शोधत फिरणे ओघानेच आले. खरेदी स्वस्त, पण इंधन आणि दुरुस्ती महाग. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. खडतर वाटांवरील भ्रमंतीसाठी ती शोभते. घड्याळाशी चाललेल्या स्पर्धेत तिचे वजन आड येते.

दुसरी गाडी मारुती जिप्सी. ती १९८५ च्या अखेरीस ९७० घन सेंटिमीटरच्या इंजिनासह बाजारात आली. पुढे तिला १,२९८ घन सेंटिमीटरचे इंजिन मिळाले आणि २००० सालानंतरच्या गाड्यांत त्याची शक्ती ८० अश्वशक्तीपर्यंत गेली. वजन सुमारे एक टन. पुढे व मागे दोन्हीकडे पाट्यांच्या स्प्रिंगा असल्यामुळे बसणाऱ्याला हादरे बसतात खरे. परंतु पाटा तुटल्यास लहान गावातला कारागीरही तो बदलू शकतो. रॅलीच्या क्षेत्रात ही गाडी दीर्घकाळ टिकली, यामागे तिच्या चारही चाकांना मिळणाऱ्या गतीइतकाच हा साधेपणाही कारणीभूत आहे. २०१९ साली सामान्य ग्राहकांसाठी तिचे उत्पादन बंद झाल्याने आता जुनीच जिप्सी घ्यावी लागते आणि मागणी टिकून असल्यामुळे चांगल्या गाडीला किंमतही चांगली पडते.

तिसरी गाडी मारुती ८००. ही १९८३ ते २०१४ या काळात तयार झाली. इंजिन अवघे ७९६ घन सेंटिमीटरचे, शक्ती नंतरच्या गाड्यांत ३७ अश्वशक्ती आणि वजन साधारण साडेसहाशे किलोग्रॅम. टनामागे शक्ती काढली, तर जिप्सीला सुमारे ८० आणि ८०० ला सुमारे ५७ अश्वशक्ती येते. वरवर पाहता ही तुलना ८०० ला मारक वाटेल. पण स्पर्धांमध्ये गाड्यांचे वर्ग बहुधा इंजिनाच्या आकारमानानुसार पाडलेले असतात. लहान गाडीची गाठ लहान गाडीशीच पडते. शिवाय हलकी गाडी टायर, ब्रेक आणि इंधन यांची झीज कमी करते. जिचा कोणताही भाग कोणत्याही शहरात मिळतो आणि जी दुरुस्त करणारा हात प्रत्येक गल्लीत असतो, अशी गाडी नवशिक्याला शिकण्यासाठी अधिक तास देते. शक्तीपेक्षा सराव मोलाचा, हे पहिल्या दोन वर्षांपुरते तरी निर्विवाद मानावे.

जुनी गाडी पारखताना

स्पर्धेसाठी गाडी घेताना रंग आणि गाद्या यांकडे पाहू नये. रंग कोणताही असो, सांगाडा शाबूत हवा. इंजिन बदलता येते, गिअरपेटी बदलता येते; वाकलेला किंवा गंजलेला सांगाडा मात्र गाडीला कधीच सरळ चालू देत नाही. दारांच्या फटी दोन्ही बाजूंस सारख्या आहेत का ते पाहावे. पत्र्यावर लोहचुंबक फिरवावे. जेथे तो चिकटत नाही तेथे रंगाखाली लांबी भरलेली असण्याची शक्यता असते. गालिचा उचलून तळाचा पत्रा आणि धक्काशोषक जेथे जोडलेले असतात त्या जागा तपासाव्यात, कारण स्पर्धेतील सर्वाधिक ताण तेथेच येतो. इंजिनाच्या सर्व सिलिंडरांतील दाब मोजून घ्यावा; एकाचा दाब इतरांहून बराच कमी भरल्यास मोठ्या दुरुस्तीचा खर्च गृहीत धरावा. चालवून पाहताना दुसरा गिअर टाकला असता घरघर होते का, ब्रेक लावताच गाडी एका बाजूस ओढते का, हेही पाहावे.

सुरक्षितता व कायदा

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किलोमीटरांऐवजी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत सुमारे पावणेदोन पट अधिक ऊर्जा साठलेली असते आणि अपघाताच्या वेळी ती कोठेतरी खर्ची पडावी लागते. म्हणूनच वेगाच्या स्पर्धेत गाडीच्या आत पोलादी नळ्यांचा संरक्षक पिंजरा बसवितात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्याच्या मुख्य कमानीस ४५ मिलिमीटर व्यासाची व २.५ मिलिमीटर जाडीची, किंवा ५० मिलिमीटर व्यासाची व २ मिलिमीटर जाडीची, सांधा नसलेली पोलादी नळी लागते. पाण्याच्या साध्या नळाचा जोडकाम करून केलेला पिंजरा दिसावयास तसाच असतो. परंतु गाडी उलटताच तो दुमडतो आणि नसण्यापेक्षाही घातक ठरतो.

येथेच आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. पिंजरा बसविलेल्या गाडीत डोक्यावर शिरस्त्राण असेल, तरच पिंजरा रक्षण करतो. बाजारात जाताना शिरस्त्राण नसते. अशा वेळी किरकोळ टकरीतही डोके पोलादावर आदळू शकते. अशी गाडी घरच्या माणसांना बसविण्यासाठी वापरू नये. ज्याच्याजवळ एकच मोटार आहे, त्याने काल-वेग-अंतराच्या रॅलीवर समाधान मानावे, हेच शहाणपणाचे.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्यशासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे हा गुन्हा आहे. कलम ५२ नोंदणीकृत गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करण्यास मनाई करते. नेहमीच्या विमापत्रातून संघटित शर्यत व वेगचाचणी वगळलेली असते. म्हणजे स्पर्धेत झालेल्या नुकसानीची भरपाई चालकाच्याच खिशातून व्हावयाची. मान्यताप्राप्त स्पर्धा भारतीय मोटारक्रीडा मंडळांच्या महासंघाच्या नियमांखाली होतात. गाडी घेण्यापूर्वी ज्या वर्गात उतरावयाचे त्याचे नियम मागवून वाचावेत.

खर्चाची विभागणी

समजा, एखाद्याने वर्षासाठी तीन लाख रुपये बाजूला काढले आहेत. मोह असा होतो की, तीन लाखांची गाडी घ्यावी. पण ती घेतल्यावर पिंजरा, पट्टे, अग्निशामक, टायर, प्रवेशशुल्क आणि प्रवास यांसाठी काही उरत नाही. मग काटछाट सुरू होते आणि ती नेमकी संरक्षक साधनांत होते. त्याऐवजी एक तृतीयांश रक्कम खरेदीस, एक तृतीयांश दुरुस्ती व संरक्षक साधनांस आणि उरलेली प्रत्यक्ष स्पर्धेस ठेवावी. एक लाखात जी गाडी येईल ती त्याची गाडी; ती न पटल्यास स्पर्धेचा प्रकार बदलावा, विभागणी बदलू नये.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे जुने वचन येथे एका बाबतीत अधिक कठोर होते. स्पर्धेत गाडी केव्हाही निकामी होऊ शकते. जी गाडी उद्या पूर्ण मोडली तरी घरातील धान्याला, मुलांच्या शिक्षणाला किंवा आजारपणाच्या शिलकीला धक्का लागणार नाही, तीच हौशी स्पर्धकाला परवडणारी गाडी होय. कर्ज काढून घेतलेल्या गाडीचा चालक प्रत्येक वळणावर हप्त्याचा विचार करतो; आणि वळणावर विचार फक्त वळणाचाच असावा लागतो.