जुन्या गाडीची चाल

म्हैसूरहून नंजनगूडकडे जाताना वाटेत कडकोळ हे गाव लागते. आसपास कारखाने असल्यामुळे या रस्त्यावर मालट्रकांची वर्दळ असते. अशा रस्त्यावर चालकाने स्टिअरिंग सरळ धरले असूनही गाडी आपसूक डावीउजवीकडे ओढ घेऊ लागली, तर तो दोष केवळ गैरसोयीचा राहत नाही. समोरून ट्रक येत असताना हातभर भरकटणेही जिवावर बेतू शकते.

जुन्या ‘किट कार’मध्ये हा दोष हमखास आढळतो. किट कार म्हणजे सुट्या भागांच्या संचातून जुळवलेली मोटार. ब्रिटनमध्ये १९७३ पूर्वी तयार मोटारीवर खरेदी कर द्यावा लागे. सुटे भाग आणून घरी जुळवलेल्या गाडीवर तो पडत नसे. त्यामुळे हौशी लोकांनी अशा गाड्या उत्साहाने बांधल्या. लोटस कंपनीची १९५७ सालची ‘सेव्हन’ ही त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. महाराष्ट्रात अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने याच सेव्हनच्या धर्तीवर रोडस्टर बनवली. तिला इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन होते. तेच इंजिन अँबेसेडरमध्येही बसवले जाई. एकीचा बांधा, दुसरीचे इंजिन, तिसरीची चाके, असा हा संसार असतो. म्हणून अशा गाडीच्या दुरुस्तीची सुरुवात पाना हाती घेण्याने होत नाही. कोणता भाग कोणत्या गाडीतून आला, ही वंशावळ आधी शोधावी लागते. तयार माहितीपुस्तिका तिच्यासाठी सहसा नसतेच.

एक उदाहरण घेऊ. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ‘स्टँडर्ड हेरल्ड’ ही मोटार आपल्या देशात बनवली. मूळ ब्रिटिश ट्रायम्फ हेरल्डची पोलादी चासी बॉडीपासून वेगळी होती. नटबोल्ट काढले की बॉडी उचलता येई आणि खाली चाकांसह चालता सांगाडा उरे. म्हणूनच ब्रिटनमध्ये हेरल्डच्या चासीवर अनेक किट कार उभ्या राहिल्या. समजा, हेरल्डच्या चासीवर फायबरची बॉडी चढवलेली अशी एखादी जुनी गाडी कडकोळच्या एका गॅरेजात आली आहे. तक्रार अशी, की सरळ रस्त्यावर ती भरकटते आणि गतिरोधकावरून जाताना एकदम बाजूला झेप घेते.

घाईचा कारागीर प्रथम व्हील अलाइनमेंट करायला धावतो. ही चूक आहे. सांधे सैल असताना चाकांचा कोन जुळवला, तर तो पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकतो. आधी टायरमधील हवा मोजावी, कारण अर्धी दुखणी तिथेच बरी होतात. मग टायरच्या झिजेकडे पाहावे. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहत होती. एकच कड झिजली असेल तर चाक कलते उभे आहे. बोट फिरवताना करवतीच्या दातांसारखी धार लागली तर चाके एकमेकांशी समांतर धावत नाहीत.

यानंतर गाडी जॅकवर उचलावी आणि चासीखाली भक्कम लोखंडी घोड्या लावाव्यात. फायबरखाली आधार कधीही देऊ नये आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. आता चाक वर आणि खाली धरून हलवावे. ते डुगडुगत असेल, तर सोबत्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवावे. डुगडुग थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये. कायम राहिली तर सस्पेन्शनच्या सांध्यांत. चाक डाव्याउजव्या बाजूंनी धरून हलवले असता खेळ जाणवला, तर टाय रॉडची टोके किंवा स्टिअरिंगची रॅक तपासावी. ही साधी परीक्षा आहे; तिला हाताखेरीज दुसरे उपकरण लागत नाही.

हेरल्डच्या घराण्यात एका सांध्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पुढच्या चाकाला धरणाऱ्या उभ्या दांड्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते पितळी ठोकळ्यात बसतात. या ठोकळ्याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग वळवले, की दांडा याच आट्यांत फिरतो. तिथे ९० नंबरचे गिअर ऑइल द्यायचे असते. पुष्कळजण सवयीने ग्रीस भरतात. ग्रीस आट्यांच्या खोबणीत नीट पोचत नाही, कालांतराने घट्ट होते, पाणी शिरते आणि दांडा आतून गंजत जातो. बाहेरून सारे ठाकठीक दिसते. मग एके दिवशी वळण घेताना दांडा मोडतो आणि चाक आडवे पडते. दहा मिनिटांच्या तेलपाण्याने टळणारा हा अपघात आहे. खरेदी केलेल्या जुन्या गाडीत आधीच्या मालकाने काय भरले होते हे कळायला मार्ग नसतो. तेव्हा ट्रनियन उघडून पाहणेच शहाणपणाचे. आट्यांवर गंजाचे खड्डे दिसले, तर दांडा बदलावा. वेल्डिंगने तो सांधण्याचा मोह टाळावा.

रबरी बुश बदलताना एक गोष्ट विसरली जाते. त्यांचे बोल्ट गाडी हवेत टांगलेली असताना शेवटपर्यंत आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे वजन त्यांवर आल्यावर आवळावेत. नाहीतर गाडी खाली येताच रबर पिळले जाते आणि काही महिन्यांत फाटते.

आता गतिरोधकावरची झेप. तिचे कारण बहुधा गाडी बांधणाऱ्याने केलेल्या बदलात सापडते. मूळ लोखंडी बॉडीपेक्षा फायबरची हलकी असते. स्प्रिंगा मात्र जुन्या वजनाच्याच राहतात. गाडी पुढून उंच उभी राहते, चाकांचे कोन बदलतात आणि शॉकअब्जॉर्बर चांगले असले तरी चाक उसळत राहते. उंची कमी करण्यासाठी काहीजण गॅसच्या ज्योतीने स्प्रिंगचा वेढा कापतात. तापलेल्या पोलादाचे पाणी उतरते आणि स्प्रिंग बसते किंवा तुटते. वजनाला साजेशी मऊ स्प्रिंग बसवणे हाच खरा उपाय.

रॅकची उंचीही पाहावी. चाक वरखाली होताना सस्पेन्शनचा बाहू एक कमान रेखतो आणि टाय रॉड दुसरी. दोन्ही कमानी जुळत असतील तर चाकाची दिशा बदलत नाही. रॅक थोडी वर किंवा खाली बसवली गेली असेल, तर प्रत्येक उसळीसरशी टाय रॉड चाकाला ओढतो किंवा ढकलतो. चालकाने स्टिअरिंग हलवलेलेही नसते. स्प्रिंग काढून, चाक जॅकने हळूहळू वरखाली करत मोजमाप घेतले की हा दोष डोळ्यांना दिसतो. रॅकखाली पातळ पट्ट्या घालून किंवा काढून तो दूर करता येतो.

हे सारे झाल्यावरच चाकांची दिशा जुळवावी. स्टिअरिंग सरळ ठेवून, दोन्ही पुढच्या टायरांमधील अंतर धुऱ्याच्या उंचीवर आधी पुढून आणि मग मागून मोजावे. जुन्या गाड्यांत पुढचे अंतर सहसा एकदोन मिलिमीटर कमी ठेवतात. दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवावेत, म्हणजे स्टिअरिंग वाकडे बसत नाही. मग चेकनट आवळून, कॉटर पिना नव्या घालून, गाडी प्रथम रिकाम्या रस्त्यावर सावकाश चालवावी आणि परत आल्यावर प्रत्येक नट पुन्हा एकदा पान्याने तपासावा.